सात तपकिरी गोळ्या

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात थोरली कटिंगला होती. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ थर एकावर एक चढवायचे, वर फर्मा ठेवून खडूने रेघ मारायची आणि मग मशीन चालवायचं. रेघ बोटभर सरकली तर एक नाही, साठ सदरे वाया. चौदा वर्षांत तिची रेघ सरकली नव्हती. त्याचा परिणाम असा झाला होता की कापडाबाहेरही आपलं काही चुकत नाही अशी तिची पक्की खात्री होऊन बसली होती.

शाईचा डाग कशाने जातो, गुडघा दुखला तर काय लावायचं, मुलाला सायन्सला घालावं की कॉमर्सला, कुणी काहीही विचारलं की थोरलीचं उत्तर तोंडात तयार. "मला ठाऊक नाही" हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तो म्हणायचा, "एक पाटी घरावरच लावतो. 'चौकशी येथे करावी.'"

धाकटी जाऊ दीड वर्षापूर्वी घरात आली. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शिकणाऱ्याने आपल्याला भिंतीवर नेऊन आदळू नये, एवढ्याच अपेक्षेवर दिवस काढणाऱ्या माणसाला घरातल्या कटकटींचं काय वाटणार? ती शांत होती, हसतमुख होती, आणि मुख्य म्हणजे थोरलीचं ऐकून घ्यायची. दोघींचं पहिल्या महिन्यातच जमलं. थोरलीला इतक्या वर्षांनी कुणीतरी मनापासून सल्ला विचारणारं घरात मिळालं होतं.

गोळ्यांचा विषयही असाच निघाला. धाकटीला इतक्यात मूल नको होतं. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली पुरी व्हायची होती, तिला जड गाड्यांचं लायसन्स काढायचं होतं, आणि नवरा लिफ्ट बसवायच्या कामावर सारखा बाहेरगावी. थोरली स्वतः दुसऱ्या मुलीनंतर सहा वर्षं गोळ्या घेत होती. तिच्या पाकिटात एकवीस गोळ्या असायच्या. एकवीस दिवस घ्यायच्या, सात दिवस सुट्टी, आठव्या दिवशी नवं पाकीट. धाकटीला मिळालं होतं ते अठ्ठावीसचं. त्यात एकवीस पांढऱ्या आणि शेवटी सात तपकिरी. घरात सासूबाई होत्या, दोन मुली होत्या, म्हणून दोघींनी गोळ्यांना 'बटणं' म्हणायला सुरुवात केली. पाकीट दिसायचंही तसंच, सदऱ्याच्या बटणांच्या पुठ्ठ्यासारखं.

"बटण लावलंस का गं?" थोरली भाजी चिरता चिरता विचारायची.

"लावलं, वहिनी."

सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. त्यांनी कधी मान वर केली नाही.

एका महिन्यात दुकानात धाकटीचं अठ्ठावीसचं पाकीट संपलेलं होतं. दुकानदाराने औषध तेच, पण एकवीसचं दिलं, म्हणजे नेमकं थोरली घ्यायची ते. जुन्यातली शेवटची तपकिरी गोळी घेऊन झाल्यावर धाकटी नवं पाकीट हातात घेऊन थोरलीकडे आली.

"वहिनी, हे उद्यापासून सुरू करू ना?"

"छे गं! आधी सात दिवस सुट्टी, मग हे. मी सहा वर्षं घेतेय."

"पण मी सात दिवस तपकिरी घेतल्याच की. पाळीही येऊन गेली."

थोरलीने क्षणभर विचार केला. फार नाही, क्षणभरच. "त्या तपकिरी लोहाच्या असतात. त्या धरायच्या नाहीत. पाकीट बदललं की नियमही नव्या पाकिटाचा."

ऐकायला हे इतकं मुद्देसूद होतं की धाकटीने मान हलवली आणि पाकीट कपाटात ठेवून दिलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी थोरलीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिची चिठ्ठी जुनी झाली होती आणि दुकानदार नवीन चिठ्ठीशिवाय पाकीट द्यायला तयार नव्हता. ती डॉक्टरबाईंकडे गेली ती पाच मिनिटांत सही घेऊन परत निघायच्या बेताने.

डॉक्टरबाईंनी आधी दंडाला पट्टा गुंडाळला. हवा भरली, सोडली. पुन्हा भरली.

"मागच्या वेळी बीपी कधी बघितलं होतं?"

"बघितलं होतं की."

"कधी?"

"मुलगी तिसरीत होती तेव्हा."

"आता कितवीत आहे?"

"पाचवीत," थोरली जरा हळू आवाजात म्हणाली.

"डोकं दुखतं?"

"ते मशीनच्या आवाजाने."

डॉक्टरबाईंनी दहा मिनिटं तिला नुसतं बसवून ठेवलं आणि तिसऱ्यांदा बीपी बघितलं. एकशे बावन्न. त्यांनी पट्टा काढला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

"घाबरायचं कारण नाही. पण ही गोळी आता बंद. हिच्यात दोन हार्मोन असतात. त्यातलं एक बीपी वाढलेल्या बाईला चांगलं नाही, त्यातून तुम्ही चाळिशीला आलात. आजची घेतलीत का?"

"सकाळी सहाला. दात घासले की लगेच."

"मग उद्या सकाळी सहाला ही नवी सुरू करायची. हिच्यात एकच हार्मोन आहे. जुन्या पाकिटातल्या उरलेल्या सोडून द्या. मध्ये एकही दिवस रिकामा जाऊ द्यायचा नाही. पहिले दोन दिवस कंडोम वापरा, म्हणजे शंकेला जागा नको. आणि हिला सुट्टी नसते. पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी पुढचं. वेळ मात्र कडक. तीन तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर गोळी चुकली असं समजायचं. आठवताक्षणी घ्यायची आणि पुन्हा दोन दिवस काळजी. पहिले काही महिने पाळी मागेपुढे होईल, अधूनमधून डाग दिसतील. त्याने बिचकायचं नाही. पंधरा दिवसांनी बीपी दाखवायला यायचं, आणि हे मात्र मुलीच्या इयत्तेवर ठेवायचं नाही."

एवढं सगळं एका दमात कुणीतरी आपल्याला समजावतंय, ही गोष्ट थोरलीच्या सवयीची नव्हती. आपल्यालाही काही कळतं हे दाखवायला ती म्हणाली, "सुट्टीचं मला सांगायला नको हं, डॉक्टरबाई. परवाच माझ्या जावेला शिकवलं. तिचं अठ्ठावीसचं संपलं, आता एकवीसचं आहे. म्हटलं, आधी सात दिवस सोड, मग घे."

डॉक्टरबाईंचं लिहिणं थांबलं. "अठ्ठावीसमधल्या तपकिरी घेतल्या तिने?"

"सगळ्या. त्या लोहाच्या."

"बरोबर, लोहाच्या. म्हणजे त्यांच्यात औषध नाही. तीच तिची सुट्टी होती. हाताला रोजच्या गोळीची सवय राहावी म्हणून कंपनी त्या घालते. सात दिवसांची सुट्टी तिने घेऊन टाकली, आणि तुम्ही तिला आणखी सात दिवसांची दिलीत."

 साठ थरांवरून मशीन वाकडं गेल्यावर कसं वाटेल, ते थोरलीने कधी अनुभवलं नव्हतं. तिला वाटलं, असंच वाटत असणार.

"सातच्या वर जाऊ लागलं की शरीर जागं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज कितवा दिवस?"

"या सुट्टीचा पाचवा."

"म्हणजे बारावा. नवरा कुठे असतो तिचा?"

"भाऊजी बाहेरगावी आहेत. आज संध्याकाळी येतायत."

"गेले तेव्हा तिच्या पांढऱ्या गोळ्या चालू होत्या की संपल्या होत्या?"

थोरलीने तोंड उघडलं.  त्यातून आलं ते असं, "मला ठाऊक नाही."

"विचारा. पांढऱ्या चालू असताना गेले असतील तर काहीच बिघडलेलं नाही. तिने आज, आत्ताच नवं पाकीट सुरू करायचं आणि सात दिवस कंडोम वापरायचा. नंतर गेले असतील तर तिला आजच माझ्याकडे घेऊन या. त्यावरही उपाय असतो, पण तो वेळेत करावा लागतो."

थोरली दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच फोन लावू लागली. धाकटी फोन उचलेना. शिकवताना तिचा फोन गाडीच्या खणात मुका पडलेला असायचा, तो तिचा नियमच होता. आणि संध्याकाळी ती घरी येणारच नव्हती. शेवटचा तास संपवून परस्पर बसस्टँडवर जायचं, तिथून दोघांनी दोन दिवस तळ्याकाठच्या एका लॉजवर राहायला जायचं, असं ठरलं होतं. बॅग सकाळीच तिच्याबरोबर गेली होती. पाकीट मात्र कपाटात होतं, कारण थोरलीच्या हिशेबाने त्याची गरज परवापर्यंत नव्हती.

ती घरी पोचली आणि चपलांसकट धाकटीच्या खोलीत शिरली. वरचा कप्पा उघडला, खणातले रुमाल उलटेपालटे केले. मागून आवाज आला, "काय शोधतेस?"

दारात सासूबाई उभ्या होत्या.

"काही नाही, आई. बटणं. म्हणजे तिच्या एका कुर्त्याची..."

"खालच्या खणात, स्वेटरखाली," सासूबाई म्हणाल्या. "आणि चपला काढून शिर गं खोलीत."

थोरलीने वळून बघितलं. सासूबाईंचा चेहरा अगदी सरळ होता.

"असं बघू नकोस. माझ्या दोघा मुलांमध्ये सहा वर्षांचं अंतर आहे. ते काय आपोआप पडलं? तांबी बसवून घेतली होती मी. तेव्हा आम्ही जावा त्याला 'कुलूप' म्हणायचो." त्यांनी स्वतःच वाकून स्वेटर उचलला आणि पाकीट तिच्या हातावर ठेवलं. "काय झालंय ते नंतर सांग. धावतेयस त्यावरून घाईचं दिसतंय."

ड्रायव्हिंग स्कूलवाले नवशिक्यांना एका बंद पडलेल्या गोदामामागच्या मैदानात नेत. थोरली रिक्षाने तिथे पोचली तेव्हा ती पांढरी गाडी मैदानाच्या मधोमध गचके खात चालली होती. थोरलीने ओढणी काढून हवेत फिरवली. गाडी तिच्या दिशेने वळली, नको इतकी वळली, आणि धाकटीने आपल्या बाजूचा ब्रेक दाबल्यावर तिच्यापासून पाच पावलांवर थांबली.

ड्रायव्हरच्या जागी एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. कपाळावर घाम, दोन्ही हात स्टिअरिंगला असे चिकटलेले की जणू ते निखळून पडेल.

"वहिनी? घरी सगळे बरे आहेत ना?" धाकटीने काच खाली केली.

"बरे आहेत. बोलायचंय. खाली उतर जरा."

"सरांची गाडी चालू आहे तोवर मला उतरता येत नाही, आणि बंद केली तर त्यांना परत सुरू करायला दहा मिनिटं लागतात. तुम्हीच बसा मागे."

थोरली मागच्या सीटवर बसली. "हे आमचे गणिताचे सर," धाकटीने ओळख करून दिली. "शाळेत शिकवतात. सर, क्लच हळूच सोडा. ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई."

गाडी चालू लागली. थोरलीने सरांच्या टकलाकडे एकदा बघितलं आणि खालच्या आवाजात सुरुवात केली.

"बटणांचं चुकलं गं."

"कुठल्या बटणांचं?"

"आपल्या. तपकिरी बटणं धरायची असतात. माझीच चूक. आज डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्याच्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी पांढरी लावायला हवी होती."

धाकटी समोर बघत होती. तिने फक्त "सर, डावीकडे," म्हटलं.

"आता मला एकच सांग. भाऊजी गेले तेव्हा पांढरी बटणं चालू होती की तपकिरी?"

गाडीने एक मोठा गचका दिला आणि ती बंद पडली. सर समोरच्या काचेतून लांब कुठेतरी बघत राहिले.

धाकटीने बोटं मोजली. "ते मंगळवारी गेले. गुरुवारी माझी शेवटची पांढरी होती. पांढऱ्या चालू होत्या."

"नक्की?"

"नक्की. दोन उरल्या होत्या. त्यांच्या बॅगेत मोजे भरताना घेतली होती मी गोळी."

थोरलीचा जीव भांड्यात पडला.  तिने पाकीट पुढे केलं. "घे. आत्ता, माझ्यासमोर. आणि सात दिवस ते... दुसरंही वापरायचं. दुकानातून घेऊन जा जाताना."

धाकटीने पाण्याची बाटली काढली, गोळी घेतली आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. ती रागावली नव्हती. तिने मागे वळून थोरलीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वहिनी, मला तेव्हा वाटलं होतं काहीतरी चुकतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या खात्रीने सांगितलंत!"

हे थोरलीला चांगलंच लागलं. ती काही बोलणार एवढ्यात पुढून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"माफ करा," सर म्हणाले, अजूनही समोरच बघत. "मी ऐकत नव्हतो, पण ऐकू येत होतं. एकवीस अधिक सात म्हणजे अठ्ठावीस. दोन्ही पाकिटांचं चक्र अठ्ठावीसचंच आहे. एकात रिकामे सात दिवस छापलेत, दुसऱ्यात छापलेले नाहीत. एवढाच फरक."

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं.

"आमच्याकडे कॅलेंडरवर फुल्या मी मारायचो," सरांनी खुलासा केला. "अकरा वर्षं. हिला आकडेमोडीचा कंटाळा."

धाकटीला हसू आवरेना. थोरलीलाही शेवटी आवरलं नाही. सरांचे कान लाल झाले, पण तेही हसू लागले, आणि त्या हसण्याच्या भरात त्यांनी किल्ली फिरवून गाडी एका फटक्यात सुरू केली. मैदानाची पूर्ण फेरी गचका न खाता झाली. धाकटी म्हणाली, शिकवणीच्या एकवीस तासांत हे पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला थोरलीने आपली नवी गोळी घेतली. धाकटीचा तळ्याकाठून फोन आला. हवा मस्त आहे, हे झोपलेत, सगळं व्यवस्थित आहे, "आणि हो, दुसरंही आणलंय." मग म्हणाली, "तुमची घेतलीत का? सहाची?"

"घेतली गं बाई. मला काय विचारतेस?"

"कुणीतरी विचारायला हवं ना."

थोरलीला आधी राग आला. मग लक्षात आलं की आपण रोज तिला विचारायचो तेव्हा ती कधी रागावली नव्हती.

नव्या गोळीने थोरलीला सुरुवातीला छळलं. कधी डाग, कधी पाळीचा पत्ताच नाही. एका रविवारी अंथरुणातच दहा वाजले. चार तास उशीर. जुनी गोळी असती तर तिने मनाला लावूनही घेतलं नसतं. यावेळी तिने उठल्याउठल्या गोळी घेतली, नवऱ्याला म्हटलं, "दोन दिवस जरा लांब," आणि सोमवारी दुपारच्या सुट्टीत डॉक्टरबाईंना फोन करून आपण केलं ते बरोबर ना, हे विचारून घेतलं. बरोबर होतं. पाट्या रंगवणारा नवरा तिच्याकडे बघतच राहिला. "चौकशी खिडकीने बाहेर चौकशी केली?"

"गप बसा," ती म्हणाली, पण हसत.

बीपीसाठी डॉक्टरबाईंनी मीठ कमी करायला आणि रोज चालायला सांगितलं होतं. सोबतीला सासूबाई निघाल्या. संध्याकाळी दोघी कालव्याच्या कडेने पुलापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. त्या चालण्यात सासूबाईंनी तिला जे जे सांगितलं, ते बारा वर्षांत एका स्वयंपाकघरात राहून तिला कळलं नव्हतं. तांबी बसवायला त्या एकट्या गेल्या होत्या, नवऱ्याला नंतर सांगितलं. त्या आधी एक मूल राहिलं आणि गेलं होतं. त्यानंतर सासूबाईंनी ठरवलं होतं की पुढचं येईल ते अंगात ताकद आल्यावरच. "आणि तो आला तुझा धाकटा दीर. अंगाने असा दणकट की सुईणीने दोनदा वजन केलं." त्या हे सांगताना थांबायच्या नाहीत, पाय उचलत राहायच्या, आणि थोरलीला त्यांच्याबरोबर राहायला पावलं लांब टाकावी लागायची.

तिसऱ्या महिन्यात बीपी एकशे बत्तीसवर आलं. धाकटीला त्या महिन्यात आणि पुढच्याही महिन्यात पाळी दिवस न चुकता आली. भाऊजींना एका मोठ्या इमारतीचं काम जवळच मिळालं आणि ते घरीच राहू लागले.

कारखान्यात काजं करायच्या मशीनवर एक नवी मुलगी आली होती. लग्नाला चार महिने झालेले. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती थोरलीजवळ सरकली. इकडे तिकडे बघून म्हणाली, "ताई, एक विचारू? मैत्रिणीने मला तिच्याकडच्या गोळ्या दिल्यात. पाळीच्या कितव्या दिवसापासून घ्यायच्या?"

थोरलीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. अर्धं आलंही बाहेर. तिने ते गिळलं.

"शनिवारी अर्धा दिवस असतो ना तुला?" तिने विचारलं. "दवाखान्यात जाऊ. मी येते बरोबर. कुणाच्या दिलेल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. आधी तुझं बीपी बघतील, मग तुला कुठली चालते ते सांगतील."

"तुम्हाला माहीत नाही होय?" मुलीला आश्चर्य वाटलं. तिला कारखान्यात सगळ्यांनी सांगितलं होतं, काहीही अडलं तर कटिंगच्या ताईंना विचार.

"मला माझ्या गोळीचं माहीत आहे," थोरली म्हणाली. "तुझ्या गोळीचं नाही."

शनिवारी दोघी गेल्या. मुलगी आत गेली आणि थोरली बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पाय चोळत बसले होते. त्यांनी विचारलं, "बाई, गुडघ्याला काय चांगलं हो?"

थोरलीने मोठ्या समाधानाने सांगायला सुरुवात केली.